नऊशे साठ किलोंचा हिशेब

शर्यतीची मोटार आणि रस्त्यावरची मोटार ह्या दोहोंना चार चाके, एक इंजिन आणि एक स्टिअरिंग असते, एवढ्याच आधारावर त्या एका कुळातल्या मानण्याचा प्रघात आहे. परंतु एकीचा जन्म स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतून आणि दुसरीचा परिवहन खात्याच्या कलमांतून झालेला असल्यामुळे, एकीच्या अंगचा गुण दुसरीत बहुधा दोष ठरतो. खड्डे, मागच्या आसनावरची मुले, डिक्कीतले सामान, शेजाऱ्यांची झोप आणि चौकातला हवालदार ह्यांपैकी कशाचाही विचार शर्यतीच्या गाडीला करावा लागत नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीला नेमका ह्यांचाच करावा लागतो. असे असूनही, सकाळी घरून निघावे, दिवसभर शर्यतीच्या मार्गावर घड्याळाशी झुंज घ्यावी आणि सायंकाळी त्याच गाडीने, क्रमांकाच्या पाटीसह, राजरोसपणे घरी परतावे, ही आकांक्षा मोटारीच्या शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगली आहे. ती सिद्धीस कशी जाते आणि तिचे मोल काय पडते हे समजून घ्यायचे, तर १९७२ साली पश्चिम जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन ह्या उपनगरात तयार झालेल्या ‘पोर्शे ९११ कारेरा आरएस २.७’ ह्या गाडीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, असे माझे मत आहे.

ह्या गाडीचे मूळ एका अडचणीत आहे. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे पोर्शेच्या ‘९१७’ नामक अजस्र शर्यतगाडीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. आणि १९७२च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने त्या वर्गातील इंजिनांवर तीन लिटरांची मर्यादा घातल्याबरोबर, पाच लिटरांच्या घरातले इंजिन बाळगणारी ती विजयी गाडी युरोपातील जागतिक स्पर्धेच्या दृष्टीने एका दिवसात निकामी झाली. नव्याने तीन लिटरांची खास शर्यतगाडी घडवायची तर खर्च अफाट. म्हणून त्याच वर्षी कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या डॉ. एर्न्स्ट फूरमान ह्या अभियंत्याने आपली दृष्टी दुसरीकडे वळवली. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेली, मागे इंजिन असलेली ‘९११’ ही क्रीडागाडी कंपनीच्या कारखान्यातून रोज बाहेर पडतच होती. तीच शर्यतीत का उतरवू नये, हा त्याचा साधा प्रश्न होता.

परंतु प्रश्न साधा असला तरी कायदा साधा नव्हता. ज्या वर्गात ही गाडी उतरवायची होती, त्या ‘चौथ्या गटा’ची अट अशी होती की बारा सलग महिन्यांत त्या नमुन्याच्या किमान ५०० गाड्या निर्माण झाल्या पाहिजेत. म्हणजे शर्यतीसाठी जे काही हवे असेल, ते आधी ५०० गिऱ्हाइकांच्या गळी उतरवायचे, आणि त्या ५०० गाड्यांना सार्वजनिक रस्त्यावर चालण्याचा परवाना मिळेल अशी तजवीज करायची. मगच महासंघाच्या दप्तरात तिची नोंद व्हायची. वरकरणी पाहता ही अट शर्यतीच्या मार्गातला अडसर वाटते. वस्तुतः रस्त्यावर चालणाऱ्या शर्यतगाडीची कल्पना जर कोणी जन्माला घातली असेल तर ती ह्याच अटीने; कारण एरवी कोणता शहाणा कारखानदार गालिचे काढून टाकलेली गाडी जास्त दाम घेऊन विकायला बसला असता? पोर्शेच्या विक्री खात्याला तर ५०० गाड्या खपतील की नाही ह्याचीच धास्ती होती.

आता अभियंत्यांनी केले काय, ते पाहू. वाचकाची अपेक्षा अशी असेल की त्यांनी गाडीला बरेच काही जोडले असावे. त्यांनी मुख्यतः काढले. मागची आसने काढली, घड्याळ काढले, दारावरचे हात टेकायचे ठोकळे काढले, आवाज दडपण्यासाठी पत्र्याला लावलेले थर काढले, दार ओढून घेण्यासाठी मुठीऐवजी एक पट्टा ठेवला, बाहेरचा पत्रा जागोजागी पातळ वापरला, काचाही नेहमीपेक्षा पातळ बसवल्या, आणि बॉनेटवरचे धातूचे मानचिन्ह जाऊन त्या जागी चिकटवायचे चित्र आले. हा शेवटचा प्रकार हास्यास्पद वाटेल; पण हिशेब एकदा ग्रॅमवर आला की मानचिन्हालाही माफी नसते. ह्या साऱ्या काटछाटीचे फलित म्हणून गाडीचे वजन ९६० किलोंवर आले. त्याच गाडीची जी सुखसोयींची आवृत्ती कंपनीने सोबत विकायला काढली, तिचे वजन १,०७५ किलो होते. म्हणजे गालिचे, आसने, घड्याळे आणि तत्सम सुखे मिळून ११५ किलोंची भरत होती. दोन माणसे कायमची गाडीत बसवून ठेवल्यासारखेच हे झाले.

वजनावर एवढा कटाक्ष का, ह्याचे कारण नुसत्या वेगात नाही. गाडी वेग घेते तेव्हा वजन तिला मागे ओढते हे कोणालाही समजते. परंतु तीच गाडी थांबवताना तिची सारी गतिज ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते, आणि ही ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जड गाडीचे ब्रेक शर्यतीच्या दहाव्या फेरीत तापून निष्प्रभ होतात आणि हलकीचे टिकतात. वळणावरचा न्याय ह्याहून सूक्ष्म आहे. टायरवर भार दुप्पट पडला तर त्याची रस्त्यावरची पकडही दुप्पट व्हावी असे वाटते. प्रत्यक्षात ती दुपटीहून कमी वाढते, आणि त्यामुळे एकच टायर वापरणाऱ्या दोन गाड्यांपैकी हलकी गाडी तेच वळण अधिक वेगाने पार करते. वेग घेणे, थांबणे आणि वळणे ह्या तिन्ही कर्मांत ज्याचा लाभ होतो असा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे वजन उतरवणे. अश्वशक्ती वाढवल्याने ह्यांपैकी एकच साधते. हौशी मंडळी नेमकी तिच्याच मागे आधी लागतात, आणि पैसा बहुधा तिथेच संपतो.

अर्थात इंजिनाकडे दुर्लक्ष झाले होते असे नाही. मूळ ‘९११ एस’ गाडीचे सहा सिलिंडरांचे इंजिन २,३४१ घनसेंटिमीटरांचे होते आणि १९० अश्वशक्ती देत होते. सिलिंडरांची आतली रुंदी ८४ मिलिमीटरांवरून ९० वर नेली तर त्याची धारणा २,६८७ घनसेंटिमीटर होत होती. पण सिलिंडर एकमेकांना इतके लगटून होते की जुन्या पद्धतीचे, आतून लोखंडी अस्तर दिलेले सिलिंडर तेवढ्या जागेत बसेनात. इथे ‘९१७’ गाडीच्या अनुभवाचा उपयोग झाला. ॲल्युमिनियमच्या सिलिंडराच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड ह्यांचा अतिशय पातळ व कठीण लेप द्यायचा, आणि जाड अस्तराची गरजच संपवायची, अशी ती ‘निकासिल’ नामक युक्ती. अस्तराची जाडी वाचली तेवढी पिस्टनला मिळाली. इंजिन बाहेरून तेवढेच राहून आतून मोठे झाले. झडपा, त्यांच्या उघडझापीची वेळ, मिश्रणाच्या दाबाचे प्रमाण ह्यांपैकी कशालाही हात न लावता शक्ती २१० अश्वशक्तीवर गेली. स्वभावाने मात्र गाडी तापट झाली नाही, कारण वाढ धारणेतून आली होती, इंजिन पिळून काढून नव्हे. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. सिग्नलपाशी बंद पडणारे इंजिन शर्यतीत कितीही पराक्रमी असले तरी बाजारपेठेतून घरी न्यायला कामाचे नाही.

ह्यानंतर प्रश्न आला तो मागच्या चाकांचा. ‘९११’ची पाठ मागच्या काचेपासून सुंदर उताराने खाली येते, आणि त्या सौंदर्याचा दंड असा, की वेग वाढला म्हणजे पाठीवरून वाहणारी हवा गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहते. इंजिन मागे, त्यातही मागच्या आसाच्या पलीकडे. त्यामुळे तिथला टायर किंचित जरी हलका झाला, तरी गाडीची शेपूट बाहेर फेकली जाण्याचा धोका मोठा. हेर्मान बुर्स्ट आणि टिल्मान ब्रोडबेक ह्या अभियंत्यांनी आकारशिल्पी रोल्फ वीनर ह्याच्या साहाय्याने वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून इंजिनाच्या झाकणाची कडा वर वळवली. तिला पुढे ‘बदकाची शेपटी’ असे नाव पडले. ह्या वळलेल्या कडेने मागची उचल मोठ्या प्रमाणावर कमी केली, इंजिनाला थंडावा देणारी हवा अधिक मिळवून दिली, आणि नवल म्हणजे गाडीचा सर्वोच्च वेग ताशी सुमारे साडेचार किलोमीटरांनी वाढवला. ह्या रचनेच्या पेटंटाचा अर्ज ऑगस्ट १९७२ मध्ये दाखल झाला. आज रस्त्यावर अनेक किरकोळ गाड्यांच्या पाठीवर निव्वळ शोभेचे पंख चिकटवलेले दिसतात. ते पाहताना ह्या मूळ शेपटीमागे बोगद्यातले मोजमाप होते, एवढे तरी स्मरणात असावे.

मागची चाकेही पुढच्यांहून रुंद झाली: पुढे सहा इंच, मागे सात, आणि ती सामावून घेण्यासाठी मागचे मडगार्ड ४२ मिलिमीटरांनी फुगवावे लागले. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या रुंदीची असणारी ही पोर्शेची पहिलीच उत्पादित गाडी.

ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. किंमत ३४,००० मार्क. त्यावर कडक, हलकी आवृत्ती हवी असेल तर ७०० मार्क अधिक, आणि गालिचे, आसने वगैरे परत हवी असतील तर २,५०० मार्क अधिक. नोव्हेंबर संपेपर्यंत ५०० गाड्या विकल्या गेल्या आणि विक्री खात्याची धास्ती निराधार ठरली. सरतेशेवटी आकडा १,५८० वर पोहोचला. त्यांपैकी सुखसोयींच्या १,३०८ होत्या आणि हलक्या अवघ्या २००. म्हणजे शर्यतगाडीची हौस बाळगणारी बहुसंख्य गिऱ्हाइके प्रत्यक्षात गालिचाच मागून घेत होती. मानवी स्वभावाचा हा दाखला मला त्या गाडीच्या कोणत्याही तांत्रिक तपशिलाइतकाच मनोरंजक वाटतो. वजनाच्या नोंदीसाठी कंपनीने काढलेली तोडही अशीच चतुर होती: गाड्या आधी अगदी उघड्याबोडक्या स्वरूपात पूर्ण करून वजनकाट्यावर न्यायच्या, वजनाचा दाखला पदरात पाडून घ्यायचा, आणि मग परत कारखान्यात आणून गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे सजवायच्या. नियमाचा शब्द पाळला गेला. त्याच्या हेतूविषयी वाचकाने स्वतःचे मत बनवावे.

उरलेल्या गाड्यांपैकी ५५ ह्या अस्सल शर्यतीच्या होत्या, ‘आरएसआर’ नावाच्या, २.८ लिटरांच्या आणि सुमारे ३०० अश्वशक्तीच्या. त्यांना ब्रेक ‘९१७’चे होते. फेब्रुवारी १९७३ मध्ये अमेरिकेतील डेटोनाची चोवीस तासांची शर्यत पीटर ग्रेग आणि हर्ली हेवुड ह्यांनी अशाच गाडीतून जिंकली. आणि मे महिन्यात सिसिली बेटावरील ‘तार्गा फ्लोरिओ’ ही शर्यत हेर्बर्ट म्युलर व खाइस फान लेनप ह्या जोडीने. ती शर्यत खास बांधलेल्या धावमार्गावर होत नसे; डोंगरातले, गावांच्या घरांना चाटून जाणारे ७२ किलोमीटरांचे सार्वजनिक रस्ते तेवढ्यापुरते बंद करून होत असे. रस्त्यावरच्या गाडीपासून उद्भवलेल्या गाडीने रस्त्यावरच्या शर्यतीत खास शर्यतगाड्यांना मागे टाकावे, ह्याहून यथोचित निकाल दुसरा नसता. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील ती ‘तार्गा फ्लोरिओ’ अखेरचीच ठरली.

इथवर कारखान्याची कथा झाली. एखाद्या मालकाने आपल्या गॅरेजात हेच रूपांतर करायचे मनात आणले, तर त्याच्यापुढे जे प्रश्न उभे राहतात ते अधिक बिकट आहेत, कारण त्यांतील बहुतेकांना समाधानकारक उत्तर नाहीच, निवड आहे. शर्यतीचे ब्रेक पॅड घ्या. ते काही शे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. त्यामुळे ज्या पॅडांवर धावमार्गावर प्राण विश्वासाने सोपवता येतो, तेच पॅड थंड पहाटे, गल्लीच्या तोंडाशी अवचित आडव्या आलेल्या सायकलस्वारापुढे दगा देऊ शकतात. टायरचेही तसेच. शर्यतीच्या टायरला खाचा नसतात, कारण जितके रबर जमिनीला टेकेल तितकी पकड. परंतु पाऊस पडला की पाणी जायला वाटच उरत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. म्हणून कायदा किमान खाचेचा आग्रह धरतो, युरोपात १.६ मिलिमीटरांचा, आणि टायरवाल्यांनी ह्यातून मध्यममार्ग काढला तो रस्त्यास मान्य असलेल्या, मोजक्याच खाचा असलेल्या अर्ध-शर्यती टायरचा. हा टायर कोरड्यात उत्तम, पावसात बेताचा आणि झिजण्यात अत्यंत उदार असतो.

सर्वांत मोठा गैरसमज असतो तो सुरक्षेच्या साधनांविषयी. शर्यतगाडीत माणसाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो आणि चालक सहा टोकांच्या पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो. तेव्हा तेच आपल्या गाडीत बसवले म्हणजे आपण अधिक सुरक्षित झालो, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु शर्यतीत चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. रस्त्यावर, उघड्या डोक्याने, साध्या टकरीतही कानाजवळची पोलादी नळी प्राणघातक ठरू शकते. उलटपक्षी, पिंजरा न बसवता नुसते सहा टोकांचे पट्टे बांधले, तर गाडी उलटून छप्पर दबल्यावर ताठ जखडलेल्या माणसाला झुकायलाही जागा उरत नाही. ही साधने एकमेकांच्या भरवशावर रचलेली आहेत. त्यांतले एक उचलून आणणे म्हणजे हानी विकत आणणे. ह्याच कारणास्तव पोर्शेने १९९९ मध्ये आणलेल्या ‘जीटी३’ आणि २००३ मधल्या ‘जीटी३ आरएस’ ह्या ‘कारेरा आरएस’च्या वारसदार गाड्यांत, मागणीनुसार जो पिंजरा रस्त्यासाठी देण्यात येतो, तो पुढच्या आसनांच्या मागे, डोक्यांपासून दूर असतो. सोबत सहा टोकांचे पट्टे आणि अग्निशामक मिळतो. अशा गाड्यांचे मालक जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर वलयावर मोठ्या संख्येने दिसतात. १९२७ साली खुला झालेला हा २० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग ठरावीक दिवशी टोल भरून जाण्याचा रस्ता असतो, आणि तिथे गाडीला क्रमांकाची पाटी आणि विमा लागतोच. तेव्हा रस्त्यावरची शर्यतगाडी ह्या चमत्कारिक प्राण्याला खरे घर लाभले आहे ते तिथेच.

आपल्या देशी मुलखात ह्या हौसेची वाट अरुंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याचे ५२वे कलम असे सांगते की नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा हाच कडक अर्थ मान्य केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा नेमली. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन गाडीच्या नमुन्याची ब्रेकपासून धुरापर्यंत जी कसोटी घेते ती उत्पादकाच्या मूळ नमुन्याची; एखाद्या मालकाने गॅरेजात पातळ केलेल्या दाराची नव्हे. ह्याचा अर्थ उघड आहे. पोर्शेने जी काटछाट करून क्रमांकाची पाटी मिळवली, तीच काटछाट पुण्यातल्या मालकाने त्याच कौशल्याने केली तरी तो अपराधी ठरेल. ‘कोणी केली’ ह्याला कायदा इतके महत्त्व देतो ह्यात मला अन्याय दिसत नाही. चाचणीच न झालेल्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचाही त्यात हिशेब आहे. परिणामी आपल्याकडील हौशी चालक शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून चेन्नईजवळच्या अथवा कोइमतूरच्या धावमार्गावर नेतात, आणि तेच शहाणपणाचे आहे.

ज्यांना एवढा खटाटोप करायचा नसेल, तरी आपल्या गाडीने एखाद्या दिवशी धावमार्गावर उतरायचे असेल, त्यांनी पंख आणि गडगडणारे सायलेन्सर विकत घेण्याआधी, कारखान्याने सांगितलेल्याच मापाचे चांगले टायर घालावेत आणि ब्रेकचे तेल बदलून घ्यावे. ताजे डॉट-४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषून जुने झालेले तेच तेल १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकते, आणि तेल उकळले की पेडल तळाला जाते.